पाटी बदलली, तिजोरीचे काय?

प्रश्न : योजना आयोग मंत्रिमंडळाच्या ठरावाने आला आणि नीती आयोगही तसाच आला. मग या बदलाला प्रशासकीय सुधारणा म्हणायचे, की नुसती पाटी बदलली असे समजायचे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ठरावाबद्दलचे आपले म्हणणे बरोबर आहे. १५ मार्च १९५० चा ठराव असो वा १ जानेवारी २०१५ चा, दोन्ही आयोगांना ना राज्यघटनेत कलम आहे, ना संसदेचा कायदा. पाटीही खरोखरच बदलली. दिल्लीतील योजना भवनाचे नीती भवन झाले. मात्र फरक शोधायचा तर तो पैशाच्या वाटेवर शोधावा लागतो.

योजना आयोग असताना राज्याचे मुख्यमंत्री आपल्या वित्त व नियोजन सचिवांसह दिल्लीला जात आणि उपाध्यक्षांसमोर बसून वार्षिक योजनेचा आकार ठरवून आणत. पुण्याच्या गोखले संस्थेची उभारणी करणारे धनंजयराव गाडगीळ उपाध्यक्ष असताना चौथ्या पंचवार्षिक योजनेपासून राज्यांच्या योजनांसाठीच्या केंद्रीय मदतीला वाटपाचे सूत्र मिळाले आणि त्यात लोकसंख्येला ६० टक्के भार देण्यात आला. त्यापूर्वी बराचसा भाग विवेकाधीन होता, आणि विवेक कोणाचा, हे सांगायला नकोच. नीती आयोगाकडे असे वाटपाचे अधिकार नाहीत. सूत्राने मिळणारी ती मदत, म्हणजे सर्वसाधारण योजना साहाय्य, २०१५-१६ पासून थांबली, त्याच वर्षी चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के झाला, आणि उरलेल्या अनुदानांचा कारभार अर्थ मंत्रालय व त्या त्या खात्याकडे गेला.

ही कल्पनाही नवी नव्हती. १९६६ मध्ये नेमलेल्या पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेच योजना आयोगाने कार्यकारी कामे सोडून सल्लागार व्हावे आणि मंत्र्यांनी त्याचे सदस्य नसावे, असे सुचवले होते. ते अर्धवटच मानले गेले.

माझ्या मते खरी सुधारणा मात्र आयोगाच्या दालनात झाली नसून अर्थसंकल्पाच्या मांडणीत झाली. शाळेची नवी इमारत ‘योजनांतर्गत’ खर्चात बसे. योजना संपली की त्याच शाळेतील शिक्षकाचा पगार आणि गळक्या छपराची दुरुस्ती ‘योजनेतर’ होई, आणि योजनेतर खर्च म्हणजे उधळपट्टी अशी समजूत असल्याने कात्री प्रथम तिथेच लागे. इमारती वाढत गेल्या आणि देखभाल मागे पडली, त्याचे हे एक मोठे कारण. बाराव्या योजनेची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली आणि २०१७-१८ पासून हा भेद केंद्राने काढून टाकला.

गमावले ते इतकेच, की राज्यांना मोकळेपणाने घासाघीस करण्याची जागा उरली नाही. सर्व मुख्यमंत्री नीती आयोगाच्या नियामक परिषदेवर आहेत खरे, पण ती साधारण वर्षातून एकदा भरते आणि तिथे पैसे वाटले जात नाहीत. तरीही २०१५ मध्ये नीती आयोगाने नेमलेल्या मुख्यमंत्र्यांच्या उपगटाच्या शिफारशींवरूनच केंद्रपुरस्कृत योजनांपैकी गाभ्याच्या योजनांत बहुतेक राज्यांसाठी केंद्र आणि राज्य यांच्या खर्चाचे ६०:४० चे प्रमाण ठरले. तेव्हा सल्लागार संस्था निरुपयोगी असते, असे म्हणता येणार नाही.

प्रश्न : पंचवार्षिक योजना बंद झाल्या, तर आमच्या जिल्ह्याची ‘जिल्हा वार्षिक योजना’ अजून मंजूर कशी होते? (तेच वाचक)

उत्तर : तिचा दिल्लीतील आयोगाशी संबंध नव्हता आणि आजही नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने ती तयार करणारी जिल्हा नियोजन समिती आली, महाराष्ट्राने तिच्यासाठी १९९८ मध्ये कायदा केला, आणि पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. राज्याच्या अर्थसंकल्पातही योजनांतर्गत-योजनेतर हे शब्द जाऊन ‘कार्यक्रम खर्च’ आणि ‘अनिवार्य खर्च’ आले आहेत. जिल्हा योजनेच्या पुस्तिकेत आपणास हेच शब्द आढळतील.