अंगणात पडलं ते काय: गारा, बर्फ की हिम?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका वहिनींनी विचारलं आहे: "एप्रिलच्या शेवटी दुपारी वळीव झाला आणि दहा मिनिटांत अंगण पांढरं झालं. मुलीनं फोटो काढून स्टेटसला 'आमच्या गावात स्नोफॉल' असं लिहिलं. सासरे म्हणाले, स्नोफॉल कसला, गारा म्हण. शेजारच्या गुरुजींनी 'हिमवर्षाव' हा शुद्ध शब्द सुचवला. समोरच्या कन्नड काकू 'आलिकल्लु' म्हणतात. पेपरात तर 'बर्फवृष्टी' छापून येतं. बरोबर काय? आणि बर्फाला मराठीचा स्वतःचा शब्दच नाही का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत: सासरे बरोबर. दुसऱ्या प्रश्नानं मात्र मला दोन रात्री जागवलं.

आधी वस्तू बघू, मग शब्द. आपल्याकडे जे पडतं ते हिवाळ्यात नाही, ऐन उन्हाळ्यात पडतं, आणि तिथंच सगळा फरक आहे. एप्रिल-मेच्या तापलेल्या दुपारी जमिनीवरची हवा जोरानं वर चढते, ढग उंचच उंच वाढतो. साडेचार-पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असतं. तिथं पाण्याचे थेंब गोठतात, वर चढणारी हवा त्यांना झेलत राहते आणि त्यांच्यावर एकावर एक थर चढत जातात. वजन पेलेनासं झालं की गोळी खाली येते, आणि इतक्या वेगानं येते की वाटेतल्या गरम हवेत पुरती विरघळायला तिला सवड मिळत नाही. मोठी गार सुरीनं मधोमध कापून बघा, कांद्यासारखी पुडं दिसतात. हवामानशास्त्रात पाच मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गोळीलाच गार म्हणतात.

हिम पडायला उलटं लागतं. ढगापासून जमिनीपर्यंत सगळी हवा शून्याच्या आसपास हवी, तरच ते सहा कोनांचे हलके स्फटिक न विरघळता खाली पोचतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, डिसेंबरात पहाटे हुडहुडी भरते हे खरं, पण पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे अंगण पांढरं झालं तरी तो हिमवर्षाव नव्हे. गुरुजींचा शब्द शुद्ध आहे, वस्तू चुकली.

आणि आवाज. माझे एक मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आपल्या पट्ट्यात घरटी नाही तरी गल्लीटी एक फौजी सापडतोच, बेळगावात रेजिमेंटचं केंद्रच आहे. ते सांगायचे, "वर बर्फ गिरली तरी कळत नाही. सकाळी तंबूचं दार उघडलं की समोर भिंत." मामांचा बर्फ स्त्रीलिंगी होता, कारण तो त्यांना हिंदीतून भेटला होता. आपल्याकडे कुणी 'तो बर्फ' म्हणतं, कुणी 'ते बर्फ'. मूळ फारसीत लिंगभेदच नाही, तेव्हा भांडायचं कुणाशी! सांगायचं ते हे की हिम मुक्यानं पडतं. गार कौलं फोडते, पत्र्यावर ताशा वाजवते. निपाणीकडची माझी आत्या ओरडायची, "भाईर येऊन बघा गा, गारा पडालेत!" आणि आम्ही डोक्यावर घमेलं धरून अंगणात.

आता शब्द. गार, स्त्रीलिंगी, अनेकवचन गारा. हा शब्द मराठीत दोन वस्तूंना आहे: आकाशातून पडणारी ती एक, आणि पांढरा कठीण दगड ती दुसरी. गारगोटीतली गार तीच. काडेपेटीच्या आधी चकमक आणि गार घासून ठिणगी पाडत, तीही गार तीच. भुदरगडचं गारगोटी गाव आपल्यापासून काही फार लांब नाही. म्हणजे 'गारा पडल्या' याचा माझ्या कानाला ऐकू येणारा अर्थ 'वरून गारगोट्या पडल्या' असा आहे. 'थंडगार', 'गारवा', 'गारठा' यांतलं 'गार' हे विशेषण आहे, ते बदलत नाही: गार पाणी, गार हवा, गार भाकरी. बोलताना दोन्ही एकमेकांत इतके मिसळतात की सायकलवरून आईसकांडी विकणारा 'गारेगार' ओरडला की त्यात थंडपणाही असतो आणि गारेसारखा कडक खडाही.

दगडाची ही कल्पना फक्त मराठीची नाही, आणि मला तरी या सगळ्यात हीच गंमत मोठी वाटते. कन्नड काकूंच्या 'आलिकल्लु'मधला 'कल्लु' म्हणजे दगड. 'आलि' हा गारेसाठीचाच जुना द्राविडी शब्द आहे, तमिळमध्येही तो गार आणि पावसाचा थेंब या अर्थांनी आहे. बोलण्यात त्याचं 'आणेकल्लु' होतं, आणि पुढं काहींच्या तोंडी 'आनेकल्लु'. आने म्हणजे हत्ती! जुना शब्द कळेनासा झाला की माणसं त्यात ओळखीचं काहीतरी बसवतात, तसा इथं ढगात हत्ती शिरला. संस्कृतकडे गेलात तर अमरकोशात 'वर्षोपलस्तु करका' असं आहे. उपल म्हणजे दगड, वर्षोपल म्हणजे पावसाचा दगड. तीन भाषा, तिघींनी आपापल्या अंगणात उभं राहून वर पाहिलं आणि तिघींना दगडच आठवला. तेव्हा ताईला सांगा, 'गारा' हा शब्द अडाणी नाही, स्टेटसला ठेवण्याइतका ऐटदार आहे.

बर्फ फारसी, हे बहुतेकांना माहीत असतं. पण फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून भुरभुरणारं हिम. गोठलेल्या पाण्याच्या खड्याला तिथं 'यख' हा वेगळा शब्द आहे. इराणात आजही फ्रीजला 'यखचाल' म्हणतात. मोगलांच्या दरबारात डोंगरातून आणवलेला बर्फ लाहोरला पोचत असे, तिथपर्यंत शब्द आणि वस्तू बरोबर चालत होते. आपल्या भागात मात्र बर्फ कधी पडलाच नाही, तो विकायला आला. 1833 साली अमेरिकेतल्या बोस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भुशात गुंडाळून जहाजानं कलकत्त्याला आला, मग मुंबईतही, आणि पुढं कारखान्यात बर्फ होऊ लागला. त्यामुळं आमच्या डोक्यातला बर्फ म्हणजे मासळीबाजारात पोत्याखाली झाकलेली लादी, रसवंतीतला खडा, लग्नात कोकमाच्या पिंपात तरंगणारा ढेकूळ. 'बर्फ पडला' म्हटलं की माझ्या आजीला टेंपोतून लादी घसरली असं वाटायचं. थोडक्यात, पेपरवाल्यांची 'बर्फवृष्टी' तेहरानात बरोबर आहे, खानापुरात नाही. (बर्फीचं नाव त्याच बर्फावरून, तिच्या पांढरेपणामुळं. बेळगावात तिला कुंद्यानं मागं टाकलं ही गोष्ट वेगळी.)

राहिलं हिम. मराठीला स्वतःचा शब्द नाही का, असं विचारलंत. आहे, आणि तो तुम्ही आठवड्यातून एकदा तरी बोलत असाल, फक्त ओळखत नाही.

ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसं हिमचं झालं हीव. संस्कृतातल्या 'हिम'चा अर्थ थंडी, थंडीचा ऋतू, असाही जुना आहे, त्याच घराण्यातला हेमंत. फारसीतलं हिवाळ्याचं नाव 'जमिस्तान', रशियनमधलं 'झिमा', ही सगळी त्याच मुळाची भावंडं. बर्फाळ डोंगर जवळ असणाऱ्यांनी हिमाला हिमालयात नेऊन बसवलं. आपण सह्याद्रीच्या पायरीवरचे लोक, आपण त्यातली थंडी तेवढी ठेवली: हिवाळा, हीव भरणं, आणि हिवताप! खानापूर-कणकुंबीच्या रानाकडं एके काळी हिवतापाची धास्ती सगळ्यांना होती. तेव्हा जांबोटीची म्हातारी अंगावर घोंगडी ओढून "हीव भरलंय" म्हणत असेल, तेव्हा तिच्या तोंडात हिमालयातलाच शब्द होता, फक्त त्यातलं हिम वितळून नुसती कापरं उरली होती. कन्नडनं हेच आपल्या शब्दानं केलं. चळी म्हणजे थंडी, चळिगाल म्हणजे हिवाळा, चळिज्वर म्हणजे हिवताप. शब्द वेगळा, पण थंडीवरून ऋतू आणि ऋतूच्याच शेजारी ताप, ही रांग तीच.

अमरकोशात हिमाच्या ओळीत सात शब्द आहेत: अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय, मिहिका. दव, धुकं, हिम सगळं त्यात एकत्र आहे. यांची मराठीत काय गत झाली बघा. नीहार, तुषार, तुहिन, मिहिका शाळेच्या हजेरीपटात गेले. तुषार शिवाय शेतातही गेला: तुषार सिंचन! गोठलेल्या थंडीचा शब्द आमच्याकडे उन्हाळ्यात पिकावर पाणी उडवतो. प्रालेयचा हिंदीत 'पाला' झाला, म्हणजे रात्रीत पिकावर गोठलेलं दव. मराठी माणसानं हिंदी बातमी ऐकली, 'फसल पर पाला पड़ा', तर त्याला वाटतं, झाडाखालचं पीक आहे, पाला पडायचाच.

या गोठलेल्या दवाला मराठीत घरगुती शब्द रुळलेला नाही, ही उणीव मात्र खरी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीत ते दिसतं, तेव्हा पेपर कधी 'हिमकण' लिहितात, कधी 'दवबिंदू गोठले'. दुसरं मला पसंत आहे. आपल्याकडं दव आहे, दहिवर आहे, धुई आहे, पण ही सगळी ओली नावं. दहिवर गोठलं, असं साधं वाक्य केलं तर कुठल्या नव्या शब्दाची गरज पडत नाही. कन्नडकडेही मंजु हा एकच शब्द धुकं आणि हिम दोन्हींना चालतो, आणि गोठलेल्या पाण्याला मंजुगड्डे. त्यातला गड्डे आपल्या कांद्याच्या गड्ड्याचा सख्खा शेजारी.

खऱ्या हिमाचे शब्द आमच्या गावांत आले ते फौजेतून, आणि काही वेळा वाईट बातमीतून. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचीनमध्ये हिमाचा कडा कोसळला आणि धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी त्याखालून जिवंत निघाले, पण 11 फेब्रुवारीला दिल्लीत गेले. त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर लोक 'हिमस्खलन' हा शब्द अडखळत पण नेमका वापरत होते. तिथं 'गारा' म्हणून चाललं नसतं आणि 'बर्फ'ही अपुरा पडला असता. शब्द परका असला तरी वस्तू परकी असेल तिथं तोच लागतो.

तर माझी वाटणी अशी. आपल्या अंगणात पडतात त्या गारा. पाऊस कमी आणि गारा फार असतील तर गारांचा पाऊस. काजूची बोंडं झडली, आंबा फुटला, कौलं गेली, तर गारपीट. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालं ते गारपीट, त्याला 'गारा पडल्या' म्हणणं शेतकऱ्याची थट्टा ठरेल. हिमालयात पडतं ते लिहिताना हिम, हिमवर्षाव. बोलताना "शिमल्याला बर्फ पडला" म्हटलंत तरी मी तरी कान पकडणार नाही, ते आता रुळलं आहे. स्नोफॉलबद्दल: ताई लहान आहे, आणि फोटोत वळचणीखाली साठलेला पांढरा ढीग बघून मलाही क्षणभर तसंच वाटलं असतं. पण तिला एकदा पत्र्याचा आवाज रेकॉर्ड करायला सांगा. त्या आवाजावर 'स्नोफॉल' लिहायला तिचाच हात धजणार नाही.

एक कामाची गोष्ट राहिली. तुमच्या पत्रात काजूचं नुकसान झाल्याचं ओझरतं आलं आहे. भरपाईचा अर्ज कन्नडमध्ये द्यायचा असेल तर त्यात 'मंजु' किंवा 'हिम' येऊ देऊ नका, वाचणारा हसेल आणि कागद बाजूला ठेवेल. काकूंचाच शब्द घाला: आलिकल्लु मळे. मळे म्हणजे पाऊस. आमच्याकडं एकानं ते वाचून "आमचे मळे नाहीत, डोंगरी रान आहे" असं म्हणून शब्द खोडायला लावला होता, तसं करू नका. आणि गारा केवढ्या होत्या ते लिहिताना नुसतं 'मोठ्या' लिहू नका. बोराएवढ्या, सुपारीएवढ्या, लिंबाएवढ्या, जे खरं असेल ते लिहा. पुढच्या वेळी फोटो काढताना गारेशेजारी एक लिंबू ठेवा.