काउंटरवरचा नकार आणि कायद्याचे संरक्षण

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी पदवीनंतर विमान कंपनीच्या ग्राउंड स्टाफमध्ये जाऊ इच्छिते. विमानतळावर एखाद्या हिंसक किंवा संशयास्पद माणसाशी गाठ पडली तर तिने त्याला अडवणे अपेक्षित असते का, आणि झटापटीत कोणाला इजा झाली किंवा संशय खोटा निघाला तर खटला तिच्यावर होईल का, असे आपण विचारले आहे. पगार आणि बढतीविषयी पुष्कळ पत्रे येतात. हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते.

हल्लेखोराला पकडणे हे विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याचे काम नाही. त्यासाठी पोलीस किंवा सुरक्षा दल असते. कर्मचाऱ्याने ओळखपत्र पाहायचे, प्रवासी आणि त्याची बॅग यांचा मेळ घालायचा, बेवारस वस्तू किंवा उघडे राहिलेले दार दिसले की लगेच कळवायचे आणि स्वतः लोकांसह दूर व्हायचे. हे वाचून काम सोपे वाटेल, पण तसे ते नाही.

22 जून 1985 रोजी व्हँकुव्हरच्या विमानतळावर एक प्रवासी चेक-इनसाठी आला. पुढच्या एअर इंडियाच्या विमानात त्याची जागा निश्चित नव्हती, तो प्रतीक्षायादीवर होता. तरीही बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवा, असा त्याचा हट्ट होता. काउंटरवरच्या महिलेने आधी नकार दिला, पण मागे रांग वाढत गेली, वाद लांबला आणि अखेर तिने टॅग लावून दिला. तो माणूस विमानात बसलाच नाही, बॅग मात्र टोरांटोमार्गे एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात पोहोचली. दुसऱ्या दिवशी आयर्लंडजवळ समुद्रावर त्या बॅगेतील बॉम्बचा स्फोट झाला आणि विमानातील सर्व 329 जण मरण पावले. दोष एकट्या तिचा नव्हता; पुढे टोरांटोत बॅगा तपासण्याचे क्ष-किरण यंत्रही बंद पडले होते. परंतु या नोकरीतला खरा सामना बहुधा असाच असतो: समोरचा माणूस शस्त्र उगारत नाही, तो फक्त घाई करतो, आवाज चढवतो किंवा गोड बोलतो, आणि मागची रांग नकळत त्याच्याच बाजूने उभी राहते. भिडेखातर नियम वाकवणाऱ्या स्वभावाच्या मुलांना मी हे क्षेत्र सुचवत नाही, मग इंग्रजी कितीही अस्खलित असो.

आता कायद्याविषयी. विमानातील गुन्ह्यांविषयीच्या 1963 च्या आंतरराष्ट्रीय टोकियो करारानुसार विमानाची बाहेरची सर्व दारे बंद झाल्यापासून उतरण्यासाठी एखादे दार उघडेपर्यंत वैमानिकाला आणि केबिन क्रूला सुरक्षेसाठी वाजवी उपाय योजता येतात, प्रसंगी प्रवाशाला बांधूनही ठेवता येते, आणि कराराच्या चौकटीत राहून केलेल्या कृतीबद्दल त्यांना जबाबदार धरता येत नाही. या संरक्षणाचा सगळा भार ‘वाजवी’ या शब्दावर आहे. काउंटरवर किंवा बोर्डिंग गेटवर उभ्या असलेल्या ग्राउंड स्टाफला मात्र हे छत्र नसते. तेथे त्या त्या देशाचा सर्वसाधारण फौजदारी कायदा लागू होतो. स्वसंरक्षणाचा हक्क सर्वांना असतो, पण तो धोक्याच्या प्रमाणात आणि धोका असेपर्यंतच. अंगावर आलेल्याला ढकलणे समर्थनीय ठरू शकते. तो खाली पडल्यावर त्याला लाथ मारणे किंवा केवळ संशयावरून खोलीत कोंडून ठेवणे हा कर्मचाऱ्याचाच गुन्हा ठरू शकतो. नुकसानभरपाईचा दावा बहुधा कंपनीवरही येतो, फौजदारी आरोप मात्र व्यक्तीवरच राहतो.

संशय कळवण्यातल्या जोखमीचे चांगले उदाहरण अमेरिकेत आहे. विमानात पिस्तूल बाळगण्याची अधिकृत परवानगी असलेला एक वैमानिक 2004 मध्ये सिम्युलेटर (विमानाची नक्कल करणारे सरावयंत्र) चाचणीच्या वेळी संतापून निघून गेला. तो सशस्त्र असू शकेल आणि त्याच्या मानसिक स्थैर्याची काळजी वाटते, असे एअर विस्कॉन्सिन या कंपनीच्या व्यवस्थापकाने सुरक्षा यंत्रणेला कळवले. त्याला विमानातून उतरवले गेले, पण शस्त्र सापडले नाही. त्याने बदनामीचा दावा लावला, ज्युरीने भरपाईही मंजूर केली. मात्र 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. शब्द थोडे इकडेतिकडे झाले म्हणून कळवणाऱ्याचे संरक्षण जात नाही, मूलतःच खोटी माहिती जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने दिली तर जाते, असा त्या निकालाचा आशय आहे. हा एका देशाचा कायदा झाला आणि सर्वत्र इतके स्पष्ट संरक्षण मिळेलच असे नाही. म्हणून नोंद करताना स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले तेवढेच, वेळेसह लिहिण्याची सवय मुलीने लावून घ्यावी. ‘नाव दोनदा विचारले, दोन्ही वेळा वेगळे सांगितले’ ही माहिती आहे; ‘माणूस धोकादायक वाटला’ हे मत आहे; आणि पेहराव किंवा धर्मावरून घेतलेला संशय तर सरळ भेदभावाच्या तक्रारीला आमंत्रण देतो.

तिला प्रत्यक्ष बळ वापरण्याच्या कामाचीच ओढ असेल, तर पोलीस किंवा विमानतळ सुरक्षा दलाची भरती हा वेगळा आणि अधिक प्रामाणिक मार्ग आहे, कारण तेथे अधिकार, प्रशिक्षण आणि कायद्याचे पाठबळ एकत्र मिळते. ग्राउंड स्टाफचाच विचार पक्का असेल, तर नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी तिने कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात: सुरक्षा प्रशिक्षण किती दिवसांचे आणि किती वर्षांनी पुन्हा होते, कामावर असताना घडलेल्या घटनेवरून खटला झाला तर वकिलाचा खर्च कोण करते, आणि नियमावर बोट ठेवून प्रवाशाला थांबवल्यामुळे विमानाला उशीर झाला तर वरिष्ठ कोणाच्या बाजूने उभे राहतात. शेवटच्या प्रश्नाला अधिकाऱ्याने हसून बगल दिली, तर दुसरी कंपनी पाहावी.

आपला,
करिअर समुपदेशक