मधल्या मतदाराचा पत्ता माहीत नसेल तर?

प्रश्न: निवडणुकीत दोन्ही पक्ष मधल्या मतदाराकडे, म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे मतदार आहेत त्याच्याकडे, सरकतात म्हणे. मग भूमिका वेगळ्या का राहतात?

उत्तर: तो मतदार नेमका कुठे आहे ते ठाऊक नसतं आणि पक्षांना स्वतःचं धोरणही प्रिय असतं म्हणून. दोन्ही गोष्टी लागतात; नुसतं जिंकायचं असेल तर अनिश्चिततेतही दोघं एकाच जागी, मधोमध येतील.

धोरणांची ० ते १०० अशी पट्टी घ्या. पक्षांची आवडती टोकं: डाव्याचं ०, उजव्याचं १००. धोरण जितकं दूर तितकं नुकसान. मधला मतदार ४० ते ६० मध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेने. समतोल, म्हणजे जिथून एकट्याने हलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती, ४० आणि ६० वर बसतो. पडताळा सोपा आहे: डावा पक्ष ४५ वर सरकला तर जिंकण्याची शक्यता ५० वरून ६२.५ टक्के होते, पण दोन पक्षांमधलं अंतर, म्हणजे जिंकल्याने वाचणारं नुकसान, २० चं १५ होतं. शक्यता आणि अंतर यांचा गुणाकार, म्हणजे अपेक्षित फायदा, १० वरून ९.३७५! ३५ वर गेला तरी तेवढाच तोटा. नेमकी चूक इथेच होते: फक्त शक्यता पाहिली जाते, अंतर विसरलं जातं.