भावाने मेट्रो सोडली, मग गाडी, आता खोली सोडत नाही: माझ्या अनुभवातून उत्तर

तू ताई म्हणून विचारलंस, तर मोकळेपणाने लिहिते. आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. भाऊ २६ वर्षांचा, घर नागपुरात छत्रपती चौकाजवळ, नोकरी विमानतळाकडच्या मिहान या उद्योग-क्षेत्रात. दहा महिन्यांपूर्वी मेट्रोत अचानक छाती धडधडली, बोटं सुन्न झाली, आता आपण मरतो असं वाटलं आणि तो पुढच्या स्टेशनला उतरून गेला. ईसीजी नॉर्मल आला. मग त्याने मेट्रो सोडली, मग वर्धा रोडचा उड्डाणपूल टाळायला लागला, मग गाडी चालवणंच बंद केलं. दोन महिन्यांपासून नोकरी नाही, खोलीत पडून असतो, दोन-दोन दिवस आंघोळ नाही. आई ताट खोलीत नेऊन देते. बाबा म्हणतात, “काही झालं नाही त्याले, नाटकं करून राहिला.” हा फोबिया की डिप्रेशन, गोळ्यांची सवय लागते का आणि घरच्यांनी करायचं काय, हे तुला हवंय.

मी डॉक्टर नाही, निदान माझ्याकडून घेऊ नकोस. पण मला स्वतःला अकरा वर्षं लिफ्टची भीती होती आणि आमच्या ह्यांचं डिप्रेशन मी चार वर्षं एका छताखाली राहून पाहिलंय. त्यामुळे घरातली बाजू मला माहीत आहे.

तू वर्णन केलंस त्याला बहुतेक ‘पॅनिक अटॅक’ म्हणतील. शरीरात धोक्याची घंटा वाजवणारी एक यंत्रणा असते. ती वाजली की अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, श्वास भराभर होतो. श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, छाती आवळल्यासारखी वाटते. हे खरंखुरं शरीरात होतं. बाबांना शेतीतलं सांग: व्होल्टेज जरा हललं की मोटरचा स्टार्टर ट्रिप होतो, मोटर मात्र चांगली असते. स्टार्टर नाटक करतो असं आपण म्हणतो का? असा झटका बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप ओसरतो. तुझा भाऊ ओसरायच्या आधीच उतरला. “उतरलो म्हणून वाचलो” हे त्याच्या मेंदूने तिथेच पक्कं करून टाकलं.

पुढचं सगळं त्यातूनच आलंय. जे टाळलं त्याची भीती वाढते, कारण ती गोष्ट खरंच धोक्याची होती का हे तपासायची संधीच मिळत नाही. मेट्रो टाळली तर पूल भीतीदायक झाला, पूल टाळला तर गाडी. मग माणूस घरात अडकतो. मित्र, पगार, सकाळी उठायचं कारण, सगळंच सुटतं आणि त्या रिकाम्या जागेत उदासी घर करते. म्हणून फोबिया की डिप्रेशन या प्रश्नाचं उत्तर ‘आधी एक आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं’ असं असू शकतं. दोन्ही सोबत असणं फार सर्रास आहे. नुसता फोबिया असलेल्या माणसाला ती एक गोष्ट सोडून बाकीचं आयुष्य आवडत असतं. मी लिफ्ट टाळायचे, पण लग्नात नाचायचे, तर्री-पोह्यांसाठी सकाळी सहाला उठायचे. डिप्रेशनमध्ये आवडणंच संपतं. मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं, जोडीला झोप, भूक, ताकद, लक्ष, स्वतःबद्दलचं मत यांची घसरण, असं दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं की डॉक्टर डिप्रेशनचा विचार करतात. तुझ्या भावाचे दोन महिने झालेत. आता वाट पाहू नका.

लिफ्टचं सांगते, कारण बरं होताना नेमकं काय होतं ते त्यातून कळेल. मे महिन्यात लाईट गेली आणि मी लिफ्टमध्ये अडकले होते, पंधरा-वीस मिनिटंच असतील. त्यानंतर अकरा वर्षं मी लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही. वडील दवाखान्यात पाचव्या मजल्यावर भरती होते तेव्हा दिवसातून सहा-सात वेळा जिने चढले, गुडघ्यांची वाट लागली. घरचे म्हणायचे, “जाऊ द्या, वहिनीले त्रास होते, डबा आपण नेऊन देऊ.” मायेनेच म्हणायचे. पण प्रत्येक वेळी माझी भीती एक पायरी वर चढायची.

शेवटी रामदासपेठेतल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी वहीत शिडी काढायला लावली. सगळ्यात खाली ‘उघड्या लिफ्टसमोर उभं राहणं’, सगळ्यात वर ‘एकटीने दहाव्या मजल्यावर जाणं’. प्रत्येक पायरीपुढे शून्य ते शंभरपैकी भीतीचा आकडा. एक पायरी पुन्हा पुन्हा करायची, आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचं नाही, मगच वरची. दार बंद करून पहिल्यांदा वर गेले तो दिवस विसरत नाही. आत फिनाईलचा वास, डोक्यावर घरघरणारा पंखा. मी दांडी घट्ट धरली होती आणि हात इतका थरथरत होता की बांगड्या दांडीवर वाजत होत्या. आकडा ९०. बाई शेजारी उभ्या होत्या, पण धीर देत नव्हत्या, फक्त विचारत होत्या, “आता किती?” वर, खाली, परत वर. पाचव्या की सहाव्या फेरीला माझ्या लक्षात आलं की बांगड्यांचा आवाज थांबलाय. आकडा विचारला तेव्हा ४० होता. भीती जावी म्हणून मी काहीच केलं नव्हतं, फक्त तिथून पळाले नव्हते.

याला एक्स्पोजर थेरपी म्हणतात आणि फोबियावर सगळ्यात भरवशाचा इलाज हाच समजला जातो. याची मुळं जुनी आहेत. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाची हकीकत छापली. तो आवडीचं खात असताना ससा रोज थोडा थोडा जवळ आणला आणि शेवटी मुलगा सशाला कुरवाळायला लागला. पण हे घरच्यांनी जबरदस्तीने करायचं नाही. भावाला ओढत मेट्रोत बसवाल तर उलटंच होईल. पायरी त्याने निवडायची.

एक अपवाद सांगून ठेवते, वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी लागेल. रक्त किंवा सुई पाहून चक्कर येणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. त्यांचं बीपी आधी चढून मग एकदम पडतं, म्हणून ते खरंच बेशुद्ध होतात. त्यांना अंग सैल सोडायला सांगू नये. हातापायाचे आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून धरायला शिकवतात, त्याने बीपी टिकतं.

आता आमच्या ह्यांचं. गांधीबागेतलं कापडाचं दुकान बंद करावं लागलं, त्यानंतर सुरू झालं. पण ह्यांनी ‘मी उदास आहे’ असं एकदाही म्हटलं नाही. पोट जड, पाठ दुखते, डोकं बधिर, एवढंच म्हणायचे. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, सगळं ठीक. आपल्याकडे पुरुषांचं डिप्रेशन पुष्कळदा असं अंगदुखीच्या वाटेने येतं. पहाटे चारला जाग यायची आणि सकाळ सगळ्यात वाईट जायची, संध्याकाळी त्यातल्या त्यात बरं. एकदा मी चहा घेऊन गेले तर हे पलंगाच्या काठावर एक मोजा हातात घेऊन बसले होते. वीस मिनिटांनी रिकामा कप न्यायला गेले, चहा तसाच, मोजा तसाच हातात. मी चिडून म्हटलं, “काहून बसून राहिले असे?” ते म्हणाले, “घालायचा आहे, पण होत नाही.” आळशी माणूस असं म्हणत नाही. त्याला आराम आवडतो. ह्यांना त्या बसण्यात काडीचाही आराम नव्हता. भावाच्या आंघोळीबद्दल बाबा बोलतील तेव्हा हा मोजा त्यांना सांग.

सुरुवातीला एका डॉक्टरांनी नुसती झोपेची गोळी लिहून दिली आणि जवळजवळ दोन वर्षं तीच चालली. आजार तसाच राहिला, वर त्या गोळीची सवय लागली. म्हणून गोळ्यांचा प्रश्न नीट समजून घे. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम या गटातल्या गोळ्या लगेच शांत करतात, पण रोज घेतल्या तर सवय लागू शकते, म्हणून त्या थोड्याच दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायच्या. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची औषधं वेगळी. त्यांची दारूसारखी ओढ लागत नाही. मात्र फरक दिसायला दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण गुणाला सहा-आठ. उलट पहिल्या आठवड्यात मळमळ होते, बेचैनी वाढते आणि ‘गोळी सोसली नाही’ म्हणून लोक नेमकी तिथेच सोडतात. पहिले काही आठवडे त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवा. तरुणांमध्ये कधीकधी या काळात मरणाचे विचार वाढतात, तसं दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात आणि बंद करताना हळूहळू कमी करतात. एकदम सोडली तर गरगरतं, डोक्यात झटके आल्यासारखे वाटतात, आणि लोक त्यालाच सवय समजतात. पहिल्या भेटीत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगतील, ते टाळू नका. थायरॉइड बिघडलं तरी असाच थकवा आणि धडधड होते.

कुठे जायचं? औषध लागेल असं दिसतंय, तेव्हा आधी सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, आणि त्यांच्या जोडीने शिडीचं काम करून घेणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मनोविकारांचा विभाग आहे, मिहानमध्ये एम्सलाही आहे. धंतोली-रामदासपेठेत खासगी डॉक्टर पुष्कळ. छिंदवाडा रोडवरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला आपल्या गावात लोक काय म्हणतात आणि त्या नावाने पोरांना कसं चिडवतात ते तुला माहीत आहे. तिथेही साधी ओपीडी चालते, लोक येतात, औषध घेऊन घरी जातात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता. म्हणजे दहातला एक. तुमच्या गल्लीत तुमचं घर एकटं नाही.

आई ‘बाहेरचं झालं’ म्हणत असेल तर भांडू नकोस. माझ्या सासूबाईंनी ह्यांची नजर उतरवली, ताजबागच्या दर्ग्याला नेलं, टेकडी गणपतीला नवस बोलल्या. मी प्रत्येक ठिकाणी सोबत गेले. एकच अट ठेवली होती, रात्रीची गोळी चुकणार नाही. ती त्यांनी कधी मोडली नाही, पुढे तर त्याच आठवण करून द्यायच्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे आजच करायचं. काटोलच्या संत्र्याच्या बागेसाठी आणलेली फवारणीची औषधं घरात मागच्या खोलीत आहेत, असं तू ओघात लिहून गेलीस. ती आज घरातून हलवा. शेतावर कुलपात ठेवा, किल्ली बाबांकडे. मरणाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो, त्या वेळी हाताशी काही नसणं यानेच जीव वाचतात. आणि भावाला सरळ विचार: “मरावं असं वाटतं का तुला?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. मी ह्यांना विचारलं तेव्हा ते पहिल्यांदा रडले आणि त्या रात्री झोपले. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तू स्वतःसाठीही लावू शकतेस.

घरच्यांचं काम आई-बाबा दोघांच्या मधलं आहे. बाबा ढकलतात, आई सगळं त्याच्याऐवजी करते. आईला म्हण, उद्यापासून ताट खोलीत नाही, पण एकटं जेवायलाही नाही. त्याची खुर्ची स्वयंपाकघरात ओट्याजवळ ठेवा आणि तू शेजारी बस. बोलायची जबरदस्ती नको. तो चार घास खाऊन उठला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. डिप्रेशनमध्ये इच्छा आधी येत नाही. आधी हात-पाय हलवावे लागतात, इच्छा मागून येते. “मन घट्ट कर”, “लोकांना बघ किती दुःख आहेत” ही वाक्यं घरातून बंद करा.

मेट्रोची शिडी त्याची आणि त्याच्या सायकॉलॉजिस्टची. ती कशी दिसू शकेल एवढं सांगते: छत्रपती चौक स्टेशनच्या जिन्याखाली उभं राहणं, मग वर जाऊन तिकीट न काढता परत येणं, मग फलाटावर बसून तीन गाड्या नुसत्या जाऊ देणं, मग जयप्रकाश नगरपर्यंत एकच स्टेशन. मिहानकडचं खापरी स्टेशन फार पुढे आहे. पहिल्या अपॉइंटमेंटला तू सोबत जा आणि मेट्रोतल्या त्या दिवसापासून आजपर्यंत काय काय सुटत गेलं ते तारखांसकट कागदावर लिहून ने. तिथे बसल्यावर त्याला बोलता येणार नाही, कागद पुढे करता येईल. काय सांगितलं ते इथे लिही, मी बघते आहे.