लॅपटॉप स्लीपमधून उठला की डिस्क मंदावते, रिस्टार्टनंतर ठीक चालते. काय तपासावं?

आधी एक सांगतो, फॉरमॅट मारू नका. तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: जुन्या लॅपटॉपमध्ये साटा (डिस्क जोडायची जुनी, रुळलेली पद्धत) एसएसडी बसवली आहे, विंडोज १० आहे, झाकण मिटून उघडलं की डिस्क १०० टक्के आणि रिस्टार्ट केलं की सुरळीत. विंडोजच बिघडलेलं असतं तर नुसत्या रिस्टार्टने ते असं दर वेळी सुधारलं नसतं.

लॅपटॉप मंद असतानाच टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर या. १०० टक्क्यांच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका, त्याच्या खालचे आकडे वाचा. रीड स्पीड शेकड्यात एमबी असेल तर डिस्क तंदुरुस्त आहे. डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) किंवा अपडेट राहिलेलं काम उरकतंय, दहा मिनिटं थांबा. पण रीड स्पीड काही केबी आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद, असं दिसलं तर डिस्क आणि कंट्रोलर (लॅपटॉपमधली डिस्क हाताळणारी चिप) यांच्यातला संवादच अडकतोय.

स्लीपमध्ये डिस्कचा वीजपुरवठा तुटतो आणि उठल्यावर दोघांना जोडणीचा वेग नव्याने ठरवावा लागतो. सिग्नल कच्चा असेल तर ते खालच्या वेगावर तडजोड करतात. हे पाहायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ट्रान्सफर मोडमध्ये दोन आकडे असतात, पहिला सध्याचा, दुसरा डिस्कची कमाल. रिस्टार्टनंतर साटा/६०० आणि स्लीपनंतर साटा/१५० आलं तर चोर सापडला: ५५० एमबीच्या आसपास धावणारी डिस्क आता १५०च्या आत अडकणार. त्याच खिडकीत सी७, म्हणजे सीआरसी एररची (वाटेत डेटा बिघडल्याची) नोंद बघा. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे जुना आकडा पाहून घाबरू नका. स्लीपच्या आधी आणि नंतर टिपून ठेवा. वाढला तर दोष केबलचा किंवा कनेक्टरचा, एसएसडीचा बहुधा नाही.

एसएसडी डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत, म्हणजे तिथे डिस्क बसवायच्या चौकटीत, बसवली आहे का? तसं असेल तर माझा पहिला संशय कॅडीवरच. स्वस्त कॅडीचे कनेक्टर सैल असतात आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत तो पोर्ट मुळातच कमी वेगाचा असतो. एसएसडी मुख्य जागेत, जुनी हार्डडिस्क कॅडीत, अशी अदलाबदल करा. डेस्कटॉपवाल्यांनी साटा केबल बदलून बघावी.

वेग पूर्ण दिसतोय, तरी मधूनमधून लॅपटॉप गोठतोय? मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टिम, आणि तिथे १२९ क्रमांक शोधा. ‘रिसेट टू डिव्हाइस’ अशी नोंद स्लीपच्या वेळेनंतर लगेच असेल तर डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून ड्रायव्हरने तिला रिसेट केलं. इथे लिंक पॉवर मॅनेजमेंट, म्हणजे डिस्कची जोडणी झोपवून वीज वाचवणारी सोय, बहुतेक वेळा नडतं. इंटेलचं रॅपिड स्टोरेज सॉफ्टवेअर असेल तर त्यातून ते बंद करा. सोबत एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. साटाऐवजी एनव्हीएमई (पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी वेगवान) एसएसडी असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं पीसीआय एक्स्प्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ऑफ करा.

तपासताना शट डाउनवर विसंबू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा हायबरनेट होतो, खरी नवी सुरुवात रिस्टार्टनेच मिळते.

नवी कॅडी किंवा केबल येईपर्यंत स्लीपऐवजी हायबरनेट वापरा. त्यातून उठताना बायोसपासून सुरुवात होते, म्हणून डिस्कची ओळखही पहिल्यापासून होते. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे ते चालू करता येतं. मात्र क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ किंवा सी५ (डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे) वाढताना दिसले तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी बॅकअप घ्या.