फावल्या वेळेतला सर्व्हर

प्रश्न : मी प्रोग्रामिंग शिकतोय. स्वतःचं काही करून पाहावं, की आधी अभ्यासक्रम पक्का करावा? — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : करून पाहाच. घरखर्चाची वही ऑनलाइन ठेवायला मी छोटा सर्व्हर, म्हणजे इंटरनेटला सतत जोडलेला संगणक, भाड्याने घेतला. दुसऱ्या दिवशी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला, तर ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’ अशा नावांनी आत शिरायचे शेकडो प्रयत्न! पत्ता कुणालाच दिला नव्हता. इंटरनेटवरचे पत्ते यंत्रं सतत चाचपत असतात, हे मला त्या सकाळी कळलं. पासवर्डचं लॉगिन बंद करून एसएसएच किल्ली, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायची डिजिटल किल्ल्यांची जोडी, वापरायला त्याच दिवशी शिकलो. खासगी किल्ली आपल्याच संगणकावर राहते, सर्व्हरवर फक्त सार्वजनिक. मात्र पासवर्ड बंद करण्याआधी दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाता येतंय ना, हे तपासा.

पुढे त्याच वहीसाठी हिशेबाची चिमुकली भाषा लिहिली. २ + ३ × ४ चं उत्तर २० आलं! मी सरळ डावीकडून वाचत गेलो होतो. गुणाकार आधी बांधणारं झाड, म्हणजे आकड्यांची आणि चिन्हांची फांद्यांसारखी मांडणी, उभं करण्यात दोन रविवार गेले, आणि पार्सर, म्हणजे लिहिलेल्या ओळीची रचना ओळखणारा भाग, तेव्हा समजला. गिदो व्हान रॉसम यांनी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषाही १९८९च्या नाताळच्या सुट्टीत छंद म्हणूनच सुरू केली.

विषय सुचत नसेल, तर घरात दुधाचा हिशेब कोण ठेवतं, त्यांना विचारा.