गोत्र बदलतं, मग धर्म बदलला तर काय?

मस्कत

प्रिय बाय,

तू विचारतेस, आपल्यात लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं, गोत्र बदलतं, कुलदैवतही सासरचं येतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही; मग तू ज्या कॅथलिक मुलाशी लग्न करणार आहेस, त्याच्या आईच्या समाधानासाठी बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झालीस, तर काय बिघडलं?

गोत्र बदलताना तुला कुणी काही विचारत नाही. भटजी संकल्पात सासरचं गोत्र उच्चारतात आणि पुढच्या विधीला लागतात. मंगेश ज्यांचं कुलदैवत, त्या देवळाच्या महाजनांची लेक शांतादुर्गेला मानणाऱ्या घरात गेली म्हणून तिला मंगेश नाकारावा लागत नाही. जत्रेला ती माहेरी येतेच. बाप्तिस्म्यात मात्र तुला मोठ्याने विचारतात. सैतानाचा आणि त्याच्या कृत्यांचा त्याग करतेस का? पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवतेस का? प्रत्येक वेळी उत्तर तुलाच द्यायचं असतं, आणि मगच डोक्यावर तीनदा पाणी ओततात. मनात नसताना ते उत्तर सासूबाईंसाठी देणं हे खोटं बोलणं आहे, आणि चर्चलाही ते नको असतं. कॅथलिक धर्मकायद्याचं कलम ७४८ सांगतं की सद्सद्विवेकाविरुद्ध कुणालाही श्रद्धा स्वीकारायला भाग पाडू नये. म्हणूनच प्रौढांची तयारी सहसा अनेक महिने चालते आणि बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. महिन्याभरात उरकून घ्यायची ती गोष्ट नव्हे.

मुळात चर्चमध्ये लग्न करायला तुझा बाप्तिस्मा लागतच नाही, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी कॅथलिकाच्या लग्नाला कलम १०८६ आड येतं खरं, पण बिशपची सूट मिळाली की लग्न वैध ठरतं. अर्ज त्याच्या पॅरिशच्या पाद्र विगारामार्फत, म्हणजे त्यांच्या चर्चच्या मुख्य पाद्रीमार्फत, जातो. त्याचा नव्याने काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला (जुना चालत नाही, सहसा सहा महिन्यांच्या आतला मागतात), तुझा जन्मदाखला, तू अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि दोघांनी मिळून केलेला लग्नपूर्व कोर्स, ही तयारी ठेवा. निदान चार महिने हाताशी हवेत. लोक आधी हॉल धरतात, केटररला आगाऊ पैसे देतात आणि अर्ज शेवटच्या महिन्यात करतात. मग सूट लांबली की घाबरून मुलीला म्हणतात, त्यापेक्षा बाप्तिस्माच घेऊन टाक. हॉलच्या तारखेपायी धर्म बदलायचा म्हणजे कमालच झाली!

ही सूट मिळवायला वचन द्यावं लागतं, तेही त्याला: स्वतःची श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी आपल्या परीने सगळं करीन. तुला वचन द्यायचं नसतं, पण त्या वचनाची पूर्ण कल्पना तुला दिलीच पाहिजे असा नियम आहे. खरा प्रश्न इथे आहे, बाय, आणि तुझ्या बाप्तिस्म्याच्या चर्चेत तो झाकला गेलाय. चर्चच्या अपेक्षेप्रमाणे बाळाचा बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांत व्हायचा, म्हणजे बारशाच्या आसपासच. पुढे रविवारचं धर्मशिक्षण, पहिलं कम्युनियन. चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना ते मूल कुठे असेल? आरतीला उभं राहील की नुसतं नेवऱ्या खायला येईल? हे आत्ता बोला. 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हणणाऱ्यांचं पहिल्या बाळंतपणात दोन्ही आज्यांच्या मध्ये सापडून भरीत होतं.

'सकाळी चर्च, संध्याकाळी मंडपात सप्तपदी' हा बेतही सोपा नाही. कलम ११२७ प्रमाणे चर्चमधल्या लग्नाच्या आधी किंवा नंतर पुन्हा संमती देणारा दुसरा धार्मिक विवाहविधी करायला मनाई आहे. आपल्या बाजूचं देवकार्य, हळद, चुडा, जेवण यांवर मात्र पाद्र विगाराशी मोकळेपणाने बोलता येतं. चुडा तर त्यांच्याकडेही भरतात, आणि हळदीच्या जागी नारळाच्या रसाचा रोस असतो. त्यालाही शुद्धी करून हिंदू व्हायला लावू नकोस. नियम दोघांना सारखाच.

आजोबा पेटतील, ते का पेटतात हेही समजून घे. १५६० मध्ये मंगेश कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला, त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, बसलं आणि ते कायमचं उठायला १८१२ उजाडलं. त्यांच्या कानाला 'बाप्तिस्मा' हा शब्द तिथून ऐकू येतो. पण म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, तेल वाहणारे हिंदूही याच गोव्यातले. तिला लईराई देवीची बहीण मानतात, आणि तेल वाहायला कुणाला धर्म बदलावा लागत नाही.

सरकारी बाजू त्या मानाने सरळ आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवरून आलेला कौटुंबिक कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे, आणि १९१० च्या फर्मानापासून लग्न हा नागरी करार आहे. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग नोटीस, हरकत आली नाही तर साक्षीदारांसमोर दुसरी सही. पहिली सही म्हणजे फक्त इरादा. ती करून संसार थाटतात, दुसरी राहून जाते, आणि बिनसलं की बाई कायद्याने बायकोच नसते. चर्चचं काहीही ठरो, दोन्ही सह्या पुऱ्या कर. धर्म बदललास म्हणून माहेरचा हिस्सा जात नाही, बदलला नाहीस म्हणून सासरचा अडत नाही. मात्र लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नाही, तर दोघांची मालमत्ता सामायिक धरली जाते आणि लग्नानंतर ते बदलता येत नाही. हे त्याच्याही घरी कळू दे.

आणि तुला मनापासून ओढ वाटत असेल, तर माझी ना नाही. फक्त लग्नानंतर वर्षभर थांब. त्याच्याबरोबर चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेला, जा, वाच, विचार. तेव्हा तुझ्या निर्णयावर कुणाची तारीख अडलेली नसेल. तेव्हाही हवासा वाटला तर घे, आजोबांना मी समजावीन.

तारीख धरताना कोरेज्माचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, दिवस आणि आपला चातुर्मास दोन्ही टाळायचे असतील, तर ईस्टरनंतर आषाढाच्या आत बघा. पाद्र विगाराकडे दोघं एकत्र जा, त्याच्या आईला पहिल्या भेटीला नेऊ नका. सूट मिळायला किती वेळ लागेल, वचन तोंडी की लेखी, आणि लग्नविधीत मिस्सा असेल का, हे तिन्ही विचार. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न असेल तर सहसा मिस्सा नसतो, वाचनं आणि प्रार्थना असतात. हे त्याच्या आईला आधीच सांगायला हवं, आणि ते त्याने सांगावं.

तुझी आई